आजोबा घरी आले, मेसेज अजून फिरतोय : कोल्हापुरातलं एक प्रकरण

नवरात्रातल्या ललित पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या भेटीला जाते. टेंबलाईच्या टेकडीवर कोहळा फोडण्याचा विधी होतो आणि त्याचा तुकडा मिळावा म्हणून जी झुंबड उडते, ती कोल्हापूरकरांना सांगायला नको. अशाच एका पंचमीला जुन्या पेठेतलं एक कुटुंब तिथे होतं. गर्दी पुढे लोटली, थोड्या वेळानं ओसरली, आणि घरचे आजोबा जागेवर नव्हते.

आजोबांचं वय ७४. उभी हयात लेथ मशीनवर गेलेली. आधी मिरजेत नोकरी, रोज पॅसेंजरनं ये-जा, नंतर कोल्हापुरातच उद्यमनगरात. दोनेक वर्षांपासून विस्मरण सुरू झालेलं. कधी आठवडाभर अगदी ठीक, तर कधी सुनेलाच विचारायचे, "तुम्ही कुणाकडच्या?" मुलाचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, सून घरी शिवणकाम करते, नातू डिप्लोमाला, मुलगी पुण्याला दिलेली. माणसांची नावं इथे घेतलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. ओळख उघडी पडल्याचाच ज्यांना त्रास झाला, त्यांच्याबद्दल लिहिताना एवढं पथ्य पाळायलाच हवं.

मेसेजमध्ये काय काय होतं

नातवानं टेकडीवर उभ्या उभ्याच मेसेज तयार केला. आजोबांचा फोटो. पूर्ण नाव, वय, अंगावरचे कपडे : पांढरा शर्ट, खाकी पँट, डोक्यावर गांधी टोपी. "डोक्यावर परिणाम झाला आहे, काही आठवत नाही, बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत." घराचा पत्ता, गल्ली आणि शेजारच्या तालमीच्या खुणेसकट. वडिलांचा मोबाइल नंबर, त्याखाली आईचा. आणि लोकांना खरं वाटावं म्हणून आधार कार्डाच्या पुढच्या बाजूचा फोटो. शेवटी नेहमीचं : "प्लीज जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा."

तारीख मात्र कुठेच नव्हती. "आज दुपारपासून बेपत्ता आहेत" एवढंच. पुढच्या सगळ्या प्रकरणात या चार शब्दांनी जेवढा घोळ घातला, तेवढा कुठल्याच भामट्यानं घातला नाही.

इकडे घरी आजी एकटी होती. शेजारच्या मुलानं तिचा व्हिडिओ काढला. पदर तोंडाला लावून आजी म्हणते, "आमचं ह्ये दुपारपास्नं घावंनात. कुणाला दिसलं तर सांगा की वो." मागे दार, दारावरची नावाची पाटी, आणि कडेला अंगणात खेळणारी शेजारची दोन पोरं. मुलाची भावना चांगली होती, यात शंका नाही. आजीला मात्र आपण रडतोय ते कोण कोण बघणार आहे, याची कल्पना नव्हती. फोन समोर धरला, ती बोलली. यालाच आपण संमती समजतो.

असे मेसेज कोल्हापुरात वाऱ्यासारखे पसरतात आणि त्याला कारण आहे. २०१९ च्या महापुरात गल्लीच्या, तालमीच्या, मंडळाच्या ग्रुपांवरच कुठे बोट हवी, कुठे औषध हवं हे कळत होतं. फॉरवर्डनं जीव वाचतो हे या गावानं पाहिलंय. पुढे जून २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून शहर पेटलं, इंटरनेट बंद ठेवावं लागलं, तेव्हापासून बरेच ॲडमिन जातीधर्माच्या मजकुरावर डोळ्यांत तेल घालून असतात. पण "हरवले आहेत" म्हटलं की तेच ॲडमिन न वाचता पुढे ढकलतात. द्वेषाच्या मजकुराबद्दल आपण सावध झालो. चांगुलपणाच्या मजकुरातही कुणाचं काही उघडं पडू शकतं हे मनात येत नाही.

शोध कशामुळे लागला

मुलगा तीनच्या सुमाराला पोलीस ठाण्यात गेला. वाटेत कुणीतरी सांगितलं होतं की चोवीस तास झाल्याशिवाय मिसिंग घेत नाहीत. हा समज महाराष्ट्रभर घट्ट बसलाय, पण तसा कायदा नाही. नोंद लगेच झाली.

पाचच्या सुमाराला मुलाला एका कॉलेजच्या मुलीचा फोन आला. ती रुकडीची. "काका, हे आजोबा दुपारच्या पॅसेंजरमध्ये माझ्यासमोर बसले होते. मी रुकडीला उतरले, ते पुढे गेले." तिच्या ग्रुपवर फोटो आला होता, तिनं टोपी आणि शर्ट ओळखला. मुलानं ते पोलिसांना सांगितलं, त्यांनी मिरजेच्या रेल्वे पोलिसांना कळवलं, आणि नऊच्या आत आजोबा मिरज जंक्शनच्या फलाटावर एका बाकावर सापडले. ड्यूटी सुटायची वाट बघत बसल्यासारखे. बाराला घरी पोचले.

म्हणजे मेसेज उपयोगी पडला. हे आधी कबूल करायला हवं, कारण "असलं काही शेअरच करू नका" असं सांगणाऱ्यांना ही मुलगी माहीत नसते. पण तिला कशाची गरज लागली ते बघा : फोटो, कपडे, वेळ आणि एक नंबर. आधार कार्ड तिनं उघडून पाहिलंसुद्धा नव्हतं. पत्ता तिच्या कामाचा नव्हता. बीपी-शुगरशी तिला देणंघेणं नव्हतं. आजीचा व्हिडिओ तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. शोधाचं काम केलं ते मेसेजच्या चार ओळींनी, आणि घराला भोवलं ते बाकीच्या सगळ्यानं. या प्रकरणातून मला सांगायचं ते एवढंच आहे. पुढचा सगळा भाग त्या "बाकीच्या"चा हिशेब आहे.

संध्याकाळचे फोन

रुकडीच्या मुलीचा फोन आणि मिरजेची बातमी यांच्या मधल्या चार तासांत मुलाच्या फोनला उसंत नव्हती. त्यात सहाच्या सुमाराला एक फोन आला. "तुमचं वडील किणी टोलनाक्याजवळ घावल्यात. शुगर कमी झालीया, बोलता येईना. गाडीभाड्याला तीन हजार टाका, आणून सोडतो." बोलणाऱ्यानं आजोबांचं पूर्ण नाव घेतलं, गल्ली सांगितली, गोळ्या कुठल्या चालू आहेत तेही सांगितलं. एवढं सांगणारा माणूस खोटं कशाला बोलेल? आजोबांच्या मुलीनं पुण्याहून ताबडतोब यूपीआयनं ३,००० रुपये पाठवले.

वीस मिनिटांत पुन्हा फोन : "दवाखान्यात नेलंय, अजून आठ हजार लागतील." या वेळी फोन सुनेनं घेतला. तिनं विचारलं, "त्यांच्या डाव्या हाताकडे बघून सांगा, काय दिसतंय?" पलीकडे गप्प. "सलाईन लावलंय, दुसरं काय दिसणार?" तिनं पुन्हा विचारलं. फोन कट झाला तो झालाच.

आजोबांच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर लेथमध्ये गेलेलं आहे. फोटोत हात दिसत नव्हते आणि मेसेजमध्ये नातवाला ते लिहायचं सुचलं नव्हतं. जे लिहायचं राहून गेलं, त्यानंच आठ हजार वाचवले. हरवलेल्या माणसाबद्दल लिहिताना एक ठळक खूण मुद्दाम राखून ठेवावी आणि फोन करणाऱ्याला ती विचारावी, ही युक्ती सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. भामट्याकडे फक्त मेसेजमधलंच भांडवल असतं. मेसेज जितका तपशीलवार, तितकी त्याची गोष्ट पटणारी.

त्या तीन हजारांची तक्रार घरच्यांनी दोन दिवसांनी केली. आजोबा मिळाल्याच्या आनंदात ते कुणाच्या डोक्यातच नव्हतं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे तो तासाभरात फिरवला, तर पैसे समोरच्याच्या खात्यात आहेत तोवर गोठवता येण्याची शक्यता असते. दोन दिवसांत ते दोन-तीन खाती फिरून निघून गेलेले असतात. तसंच झालं.

सुनेच्या नंबरचं वेगळंच. बाईचा नंबर चारशे ग्रुपांवर गेला तर काय होतं, हे बायकांना सांगावं लागत नाही. त्याच संध्याकाळपासून अनोळखी नंबरांवरून "हॅलो", "झोपला का", मग व्हिडिओ कॉल. घरात सासरे हरवलेत म्हणून प्रत्येक फोन उचलायचा, आणि उचलला की हे. तिसऱ्या दिवशी तिनं फोन बंद करून कपाटात ठेवला. तिचे शिवणकामाचे गिऱ्हाईक त्याच नंबरवर होते.

रील

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आजोबा घरी येऊन जेवून झोपल्यावर, शहरातल्या एका इन्स्टाग्राम पेजनं आजीचा व्हिडिओ उचलला. खाली बासरी, वर ठळक अक्षरांत : "पोटच्या पोरानं बापाला रस्त्यावर सोडलं?" आजीच्या बोलण्यात असं काही नव्हतं. पण रडणारी म्हातारी आणि हा मथळा शेजारी ठेवले की बघणारा उरलेलं स्वतः जुळवतो. संध्याकाळपर्यंत व्ह्यूज लाखाच्या वर गेले. प्रतिक्रियांमध्ये कुणीतरी मूळ मेसेज चिकटवला, त्यात पत्ता होताच. मुलाच्या वर्कशॉपसमोर दोघं-तिघं गाडी थांबवून "हाच का तो" म्हणून बघून गेले. एका जुन्या गिऱ्हाइकानं गेट बनवायचं काम दुसरीकडे दिलं, कारण सांगितलं नाही.

मुलगा पेज चालवणाऱ्या पोराला भेटायला गेला. पोरगं विशीतलं, वाईट नव्हतं. म्हणालं, "दादा, मी कुठं म्हटलंय की तुम्हीच सोडलं? प्रश्नचिन्ह टाकलंय की. आणि लाखावर व्ह्यूज गेल्यात, आता कसा उडवू?" शेवटी पेठेतल्या तालमीच्या वस्तादांनी दोन शब्द सुनावले तेव्हा रील उतरली. माझ्या अनुभवात अशा कामात अर्जाआधी ओळखीचा माणूस लवकर पोचतो. कोल्हापूर तेवढं लहान अजून आहे. पण तोवर ती तीन-चार पेजांनी डाउनलोड करून आपापल्या नावानं टाकली होती. त्यातलं एक पेज बाहेरच्या राज्यातलं. तिथे वस्तादांचा काय उपयोग?

आणि त्या अंगणातल्या दोन लहान मुलांचे चेहरे? त्यांच्या आई-वडिलांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनीही पुढे तक्रार केली नाही, शेजारधर्म म्हणून. मला या प्रकरणातली सगळ्यात दुर्लक्षित बाजू हीच वाटते.

मेसेजला शेवट नसतो

आजोबा सापडल्यावर नातवानं स्वतःच्या फोनवरून मेसेज "सर्वांसाठी डिलीट" केला. त्याला वाटलं, मिटलं. व्हॉट्सॲपवर तसं होत नाही. फॉरवर्ड झालेला प्रत्येक मेसेज ही स्वतंत्र प्रत असते. मूळ पुसला तरी त्याच्या प्रती जिथल्या तिथे राहतात, आणि त्या कुठे आहेत हे मूळ पाठवणाऱ्याला कळत नाही. वारंवार फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर दुहेरी बाणाची खूण येते आणि तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, हे बंधन २०२० पासून आहे. त्यानं वेग कमी होतो, मेसेज मरत नाही.

इन्स्टाग्राम-फेसबुकवर गोष्ट थोडी वेगळी. तिथे "शेअर" म्हणजे बहुतेक वेळा मूळ पोस्टकडे दाखवलेलं बोट असतं. मूळ पोस्ट काढली की शेअर केलेल्या ठिकाणीही ती दिसेनाशी होते. डाउनलोड करून पुन्हा टाकलेलं मात्र राहतं. हा फरक नातवाला आधी माहीत असता, तर त्यानं पोस्ट एकाच ठिकाणी टाकून व्हॉट्सॲपवर फक्त तिची लिंक फिरवली असती, आणि रात्री बारा वाजता मूळ पोस्टवर "सापडले" लिहून सगळ्या लिंका एकदम बंद केल्या असत्या. अर्थात, लिंक कोण उघडतं, फोटो थेट दिसला पाहिजे, हा आक्षेप खरा आहे. म्हणून फोटो आणि लिंक दोन्ही द्यावं, पण नंबर लिंकमध्ये ठेवावा. फोन करायचा असेल तो लिंक उघडतोच.

पुढचे महिने मुलाला फोन येत राहिले. नांदेडहून, बुलढाण्याहून, बेळगावहून. "आजोबा मिळाले का हो?" विचारणारी बहुतेक माणसं भली. आषाढी वारीच्या काळात तर पुन्हा लाट आली. पंढरपुरात "हेच आजोबा" दिसल्याचे फोन आले. गांधी टोपी, पांढरा शर्ट, सत्तरीचा माणूस. पंढरपुरात दुसरं कोण दिसणार? मेसेजमध्ये तारीख नसल्यानं तो ज्या दिवशी ज्याला मिळेल, त्याच्यासाठी आजोबा "आज दुपारपासून"च हरवलेले.

मुलाला नंबर बदलता येईना. वर्कशॉपच्या पाटीवर, बिलबुकावर, गावभर केलेल्या गेटांवर तोच नंबर रंगवलेला. मग त्याला कळलं की नवीन गिऱ्हाइकाला फोन लावला की समोरच्या ट्रूकॉलरवर नाव येतं : "हरवलेले आजोबा मुलगा". लोकांनी नंबर तसा सेव्ह केला होता, आणि ॲपवरची नावं लोकांकडूनच गोळा होतात. नाव दुरुस्त करायला त्या ॲपवर स्वतःचं खातं काढावं लागलं.

सुनेनं नंबर बदलला. ऐकायला सोपं वाटतं. बँक, गॅस, आधार, पॅन, कॉलेज, विमा, रेशन. प्रत्येक ठिकाणी जुन्या नंबरवर ओटीपी जाणार, म्हणून जुनं सिम चालू असेपर्यंत एकेक बदलून घ्यायचं. बंद केलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते. एखादी बँक बदलायची राहिली तर तिचे मेसेज त्या अनोळखी माणसाला जाणार. ही फेरी पूर्ण करायला तिला महिना लागला.

आजोबा काय म्हणाले

सगळेजण मुलाच्या आणि सुनेच्या त्रासाबद्दल बोलत होते. ज्याचा फोटो होता त्याला कुणी विचारलं नव्हतं, कारण त्याला काही कळत नाही असं गृहीत होतं. दिवाळीनंतर एकदा आजोबा दाढीला गेले. न्हाव्यानं मोठ्यानं विचारलं, "काय अण्णा, आज ओळखलंत का मला?" दुकानातले हसले. तो आजोबांचा चांगला दिवस होता. घरी येऊन ते मुलाला म्हणाले, "साऱ्या गावाला सांगितलासा व्हय, म्हातारं खुळं झालंय म्हणून?" त्यानंतर त्यांनी टोपी घालून बाहेर पडणं सोडलं.

विस्मरणाचा रोगी म्हणजे कायम कोरा माणूस नव्हे. त्याला मधून मधून सगळं कळतं, आणि तेव्हा त्याला त्याची अब्रू लागते. "डोक्यावर परिणाम झाला आहे" या वाक्यानं शोधाला काडीचीही मदत केली नव्हती. "बोलताना गोंधळतात, शांतपणे बसवून घ्या आणि फोन करा" एवढं पुरलं असतं. त्यातून भेटणाऱ्याला काय करायचं तेही कळतं.

कायद्याचा आधार कुठवर

घरच्यांचा पहिला प्रश्न होता : आमची खाजगी माहिती पसरवली, त्याचा कायदा नाही का? आहे, पण त्याची धार वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण मूलभूत हक्काची मुख्य ढाल सरकारविरुद्ध असते. गल्लीतल्या ग्रुपवर ती थेट चालत नाही. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा कंपन्या आणि संस्थांसाठी आहे. एखाद्यानं व्यक्तिगत किंवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. फॉरवर्ड करणाऱ्या काकांवर त्याखाली काही होत नाही, आणि व्हावं असंही नाही.

जिथे कायदा चालतो ते हे. सोंग घेऊन पैसे उकळणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेतली फसवणुकीची कलमं आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड. सुनेला नकोसे संपर्क करणाऱ्यांवर संहितेचं ७८, म्हणजे पाठलागाचं कलम. त्यात ऑनलाइन पाठलागही येतो. अश्लील पाठवणाऱ्यांवर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७. रीलवाल्यावर कलम ३५६, बदनामी. प्रश्नचिन्ह टाकलं की सुटलो, हा त्या पोराचाच नव्हे तर बऱ्याच पेजवाल्यांचा समज आहे. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की 'हे नाहीतर ते' अशा पर्यायाच्या रूपात किंवा उपरोधानं केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो. मात्र बदनामी अदखलपात्र आहे. पोलीस थेट गुन्हा नोंदवत नाहीत, कोर्टात जावं लागतं, आणि मुलाला वर्कशॉप सोडून तारखा करायच्या नव्हत्या. त्यानं ते सोडून दिलं.

बाकीच्या पेजांसाठी सोशल मीडिया मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज केला. २०२१ च्या नियमांनुसार मोठ्या मंचांना असा अधिकारी नेमावा लागतो. अर्जात नुसता स्क्रीनशॉट लावून भागत नाही. प्रत्येक रीलची पूर्ण लिंक, खात्याचं नेमकं नाव, पाहिल्याची तारीख-वेळ, आणि व्हिडिओतली व्यक्ती कोण व आक्षेप कशाला हे सरळ एका वाक्यात. पहिला अर्ज "आमची बदनामी झाली" एवढ्यावर होता, तो फेटाळला गेला. दुसऱ्यात लहान मुलांचे चेहरे, घराची पाटी आणि प्रतिक्रियेतला पत्ता व आधार यांवर बोट ठेवलं, तेव्हा दोन रील गेल्या. एक अजून आहे.

मागे आणता आलं तेवढं

व्हॉट्सॲपसाठी उपाय एकच उरला : मेसेज ज्या वाटांनी गेला त्या वाटांनी मागे जायचं. नातवानं वहीत ग्रुपांची यादी केली. तालीम, गल्ली, शाळेची बॅच, कॉलेज, उद्यमनगरातले टर्नर-फिटर, आईचं भिशी मंडळ. ग्रुपचा ॲडमिन दुसऱ्यानं टाकलेला मेसेजही सगळ्यांसाठी पुसू शकतो, हे अनेक ॲडमिनना ठाऊकच नव्हतं. पण पुसण्याची मुदत थोडी असते, आणि तोवर ती उलटून गेली होती. मग "सापडले" असं कार्ड केलं : मोठ्या अक्षरांत तारीख, "सुखरूप घरी, फोन करू नका", जुना मेसेज दिसला तर पुसा. चेहरा काळ्या चौकोनानं झाकलेला, नंबर नाही, नाव नाही. ज्याला जुना मेसेज आलाय त्याला टोपीवरून ओळख पटते, ज्याला आला नाही त्याला नवीन काही कळत नाही.

झाकण्यावरून आठवलं. एका शेजारणीनं चांगल्या मनानं आधारचा नंबर फोनमधल्या हायलायटरनं खोडून फोटो पुढे पाठवला होता. हायलायटर पारदर्शक असतो. ब्राइटनेस वाढवली की बाराच्या बारा आकडे वाचता येत होते. झाकायचंच तर पूर्ण काळा चौकोन ठेवावा. आणि आधार द्यायचंच असेल, कुठेही, तर यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या साइटवरून मास्क केलेलं आधार मिळतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. हरवलेल्या माणसाच्या मेसेजमध्ये मात्र तेही नको. त्याला ओळखायला चेहरा लागतो, आधार नाही.

"सापडले" कार्ड मूळ मेसेजएवढं फिरलं नाही. आनंदाची बातमी लोक वाचतात, हात जोडतात आणि तिथेच थांबतात.

त्या घरानं आता फोनमध्ये एक मजकूर तयार ठेवलाय, कारण हा आजार पुन्हा तीच वेळ आणू शकतो. मला तो नमुनेदार वाटतो म्हणून देतो :

"(तारीख, वेळ) पासून (ठिकाण) येथून एक आजोबा चुकले आहेत. कपडे असे. गोंधळलेले वाटल्यास शांतपणे बसवून घ्या, पाणी द्या. ११२ किंवा (पोलीस ठाण्याचा लँडलाइन) वर कळवा, रेल्वेत असाल तर १३९. घरच्यांचा नंबर लिंकमध्ये. हा मेसेज (दुसऱ्या दिवशीची तारीख) नंतर पुढे पाठवू नका."

नाव नाही, पत्ता नाही, रोग नाही. घरच्यांचा म्हणून जो नंबर आहे तो वेगळ्या सिमचा. एरवी ते सिम घरातल्या जुन्या साध्या फोनमध्ये पडून असतं, रिचार्जपुरतं जिवंत. करंगळीचा उल्लेख नाही, तो मुद्दाम नाही. आजोबांच्या शर्टाच्या कॉलरला आतून सुनेनं तोच नंबर दोऱ्यानं शिवलाय. शिवणकाम तिचंच, पाच मिनिटांचं काम, आणि तो फक्त आजोबांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसालाच दिसतो.

आधारचा नंबर मात्र बाहेर गेला तो गेला. आजोबांची पेन्शन आधार जोडलेल्या खात्यात येते आणि अंगठ्यावर पैसे निघतात, म्हणून त्यांचं बायोमेट्रिक यूआयडीएआयच्या साइटवरून लॉक केलंय. हयातीचा दाखला द्यायच्या वेळी ते तात्पुरतं उघडायचं, दाखला झाला की परत लॉक करायचं, आणि त्याच साइटवर आधार मधल्या काळात कुठे कुठे वापरलं गेलं याची यादी बघायची. हे खातं आता नातवाकडे आहे. मागच्या वेळी यादीत बँकेच्या दोन नोंदी होत्या, दोन्ही घरच्याच.